प्रवासबंदी आणि आत अडकलेली माणसे

आमच्या स्वयंपाकघरात, डाळींच्या डब्यांच्या वरच्या फळीवर, एक प्लास्टिकची फाइल असते. घराला आग लागली तर मुलीला घेतल्यावर पुढे काय उचलायचे हे आम्ही दोघांनी ठरवून ठेवले आहे, आणि ते म्हणजे ही फाइल. तिच्यात आमचे पासपोर्ट आहेत, अमेरिकेतल्या एच-१बी या नोकरीच्या तात्पुरत्या परवान्याच्या मंजुरीचे आय-७९७ कागद आहेत, प्रत्येक प्रवेशाच्या आय-९४ नोंदींच्या छापील प्रती आहेत, गेल्या कित्येक वर्षांच्या पगारपावत्या आणि लग्नाचा दाखला त्याच्या इंग्रजी भाषांतरासह आहे. फाइलच्या आतल्या बाजूला मी एक कागद चिकटवला आहे. कोणत्या कागदाची मुदत कधी संपते ते त्यावर लिहिलेले आहे, आणि तेही पेन्सिलने, कारण न्यू जर्सीत पंधरा वर्षे काढल्यानंतर असल्या तारखा पेनाने लिहिण्याचे धाडस मला होत नाही.

आज हे लिहायला बसण्याचे कारण म्हणजे माझे धाकटे दीर. २०२५ च्या नोव्हेंबरच्या अखेरीस ते तीन-चार आठवड्यांची रजा काढून भारतात गेले. पासपोर्टवरचा जुना व्हिसा संपला होता आणि नव्याच्या मुलाखतीसाठी, म्हणजे स्टॅम्पिंगसाठी, १७ डिसेंबरचा स्लॉट मिळाला होता. परतीचे तिकीट २३ तारखेचे होते. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात त्यांना ईमेल आला की मुलाखत पुढे ढकलली आहे, नवी तारीख मार्चमधली आहे, आणि जुन्या तारखेला आलात तर आत घेतले जाणार नाही. एच-१बी आणि त्यावर अवलंबून असलेल्या कुटुंबीयांच्या एच-४ व्हिसाच्या अर्जदारांच्या समाजमाध्यमांवरील खात्यांची तपासणी १५ डिसेंबरपासून सुरू होणार होती, त्यामुळे दिवसाला होणाऱ्या मुलाखती कमी केल्या गेल्या आणि हजारो लोकांच्या तारखा अशाच सरकल्या. जाऊबाई आणि सहा वर्षांची पुतणी इथेच राहिल्या होत्या, कारण शाळा चालू होती आणि सुट्टीच्या हंगामात तिघांच्या तिकिटांचा खर्च परवडणारा नव्हता. आज फेब्रुवारी अर्धा सरला आहे. ते तिकडे आहेत आणि या दोघी इकडे.

भारतावर प्रवासबंदी नाही. ज्या देशांच्या नागरिकांना अमेरिकेचे दार सरसकट बंद झाले आहे त्यांच्या हालांपुढे आमच्या घरातली अडचण लहान आहे, हे मला ठाऊक आहे आणि त्या लोकांविषयी मी पुढे लिहिणारच आहे. पण या निर्बंधांची एक बाजू अशी आहे की तिची आकडेवारी कुठेच निघत नाही. बाहेरून येणाऱ्याला अडवण्यासाठी काढलेला आदेश आत राहणाऱ्यालाही अडवतो. जो बाहेर राहिला त्याचे नाव निदान नाकारलेल्या अर्जांच्या यादीत तरी येते. जो बाहेर जाण्याच्या भीतीने आत बसून राहिला त्याची कुठेही नोंद होत नाही.

हे असे का होते ते समजण्यासाठी एक तांत्रिक गोष्ट सांगायला हवी, आणि ती इथल्या जन्माने नागरिक असलेल्या माझ्या सहकाऱ्यांनाही ठाऊक नसते. व्हिसा आणि स्टेटस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. व्हिसा म्हणजे पासपोर्टवर चिकटवलेला तो कागद, ज्याला आपण सगळे स्टॅम्प म्हणतो. तो दारापर्यंत येण्याचा परवाना असतो आणि तो परदेशातल्या अमेरिकी वकिलातीतच मिळतो. स्टेटस म्हणजे दाराच्या आत कायदेशीरपणे राहण्याचा आणि काम करण्याचा हक्क, आणि त्याची मुदत इथे बसून वाढवता येते. कंपनी अर्ज करते, टपालाने नवा आय-७९७ येतो, आयुष्य पुढे चालू राहते. त्यामुळे पासपोर्टवरचा स्टॅम्प संपून चार-पाच वर्षे झालेली माणसे इथे अगदी कायदेशीरपणे राहतात, कर भरतात, घरे घेतात. फक्त त्यांनी एकदा सीमा ओलांडली, की परत येण्यासाठी नवा स्टॅम्प लागतो. कॅनडा किंवा मेक्सिकोच्या तीस दिवसांच्या आतल्या फेरीला सवलत आहे, पण आपले आईवडील काही टोरांटोला राहत नाहीत.

पूर्वी हा स्टॅम्प नोकरीच्या व्हिसावर असलेल्यांना अमेरिकेतूनच टपालाने नवा करून मिळत असे. ११ सप्टेंबरनंतरच्या कायद्यांनी बोटांचे ठसे सक्तीचे केले आणि २००४ च्या जुलैमध्ये ती सोय बंद झाली. २०२४ च्या सुरुवातीला परराष्ट्र खात्याने २० हजार एच-१बी धारकांपुरता तो प्रयोग पुन्हा करून पाहिला, आणि ज्यांना संधी मिळाली त्यांचे पासपोर्ट घरबसल्या नव्या स्टॅम्पसह परत आले. तो प्रयोग तेवढ्यावरच थांबला.

याला ग्रीन कार्डची रांग जोडून पाहा. नोकरीच्या आधारावर मिळणाऱ्या ग्रीन कार्डांपैकी कोणत्याही एका देशात जन्मलेल्यांना साधारण ७ टक्क्यांपेक्षा जास्त देता येत नाहीत, मग तो देश मोठा असो की लहान. भारतात जन्मलेल्यांची रांग त्यामुळे दशकांमध्ये मोजावी लागते. एच-१बीची मूळ मर्यादा सहा वर्षांची आहे, पण रांगेतल्यांना ती तीन-तीन वर्षांनी वाढवून मिळते. म्हणजे जी व्यवस्था तात्पुरत्या कामगारासाठी आखलेली आहे, तिच्यात माणूस तिशीत शिरतो आणि पन्नाशी गाठतो, आणि या सगळ्या काळात गावाकडची प्रत्येक फेरी ही परत येता येईल की नाही याचा नव्याने केलेला हिशेब असते.

माझा हिशेब २०२१ च्या एप्रिलमध्ये झाला.

बाबा एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात तापाने पडले आणि चार दिवसांत ऑक्सिजनवर गेले. माझा स्टॅम्प २०१९ मध्ये संपलेला होता. मी तिकीट बघायला घेतले तोवर ३० एप्रिलला आदेश निघाला की ४ मेपासून, आधीच्या चौदा दिवसांत भारतात राहिलेल्या परदेशी व्यक्तीला अमेरिकेत प्रवेश मिळणार नाही. त्या आदेशात सवलतींची यादी होती: अमेरिकी नागरिक, ग्रीन कार्डधारक, त्यांचे पती किंवा पत्नी, आणि एकवीस वर्षांखालील अविवाहित अमेरिकी नागरिकाचे आईवडील. माझी मुलगी इथे जन्मलेली, तेव्हा तीन वर्षांची होती. म्हणजे त्या आदेशाप्रमाणे मला मोकळीक होती. पण माझ्याकडे चालू स्टॅम्प नव्हता, आणि स्टॅम्प देणाऱ्या भारतातल्या वकिलातींनी त्याच सुमारास नेहमीचे कामकाज थांबवले होते. एका कागदाने दिलेली सवलत दुसऱ्या कागदाअभावी निरुपयोगी होती, आणि दोन्ही कागद एकाच सरकारचे होते.

त्या रात्री स्वयंपाकघराच्या टेबलावर मी मुलीच्या चित्रकलेच्या वहीतले एक पान फाडून त्यावर दोन रकाने केले. डावीकडे ‘गेले तर’ आणि उजवीकडे ‘नाही गेले तर’. डावीकडे मी लिहिले: किती महिने अडकेन ठाऊक नाही, नोकरी जाईल, नोकरी गेली की एच-१बी जाईल, एच-१बी गेला की नवऱ्याचा एच-४ जाईल, घराचा हप्ता, मुलगी इथे ठेवायची की न्यायची. उजवीकडे मी फक्त ‘बाबा’ एवढेच लिहू शकले, आणि त्यापुढे काय लिहायचे ते मला सुचले नाही. ते पान अजून त्या फाइलमध्ये आहे. पानाच्या मागच्या बाजूला मुलीने काढलेले जांभळ्या रंगाचे मांजर आहे.

भाऊ फोनवर म्हणाला, “ताई, तू येऊ नकोस. बाबा शुद्धीवर आहेत आणि तेच सांगताहेत.” बाबा खरेच तसे म्हणाले होते का, हे मी त्याला आजवर विचारलेले नाही. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात बाबा गेले. भावाने मला शेवटचे दिसावे म्हणून मोबाइल पारदर्शक पिशवीत घालून वर धरला होता. पिशवीवर आतून वाफ धरली होती, त्यामुळे मला ज्वाळांचा रंग दिसला, माणसे दिसली नाहीत. आईला मी प्रत्यक्ष भेटले ती २०२३ च्या जानेवारीत, वीस महिन्यांनी.

मला कुणी व्हिसा नाकारला नाही. विमानतळावर कुणी अडवले नाही, परत पाठवले नाही. मी अर्जच केला नव्हता. त्यामुळे २०२१ च्या त्या निर्बंधाचा परिणाम किती लोकांवर झाला याची मोजणी कुणी कधी केलीच, तर तिच्यात माझे घर येणार नाही.

निर्बंध केवळ या बाजूने लागले होते असेही नाही, आणि ते सांगितले नाही तर हे लिखाण एकांगी होईल. २०२० च्या मार्चमध्ये भारत सरकारने परदेशी नागरिकांचे जवळजवळ सगळे व्हिसा स्थगित केले, आणि त्याबरोबर ओसीआय कार्डधारकांची (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांची) व्हिसाविना येण्याची सोयही थांबवली. मेमध्ये परदेशात अडकलेल्यांना मायदेशी आणणारी वंदे भारतची विमाने सुरू झाली तेव्हा कित्येक कुटुंबांत आईवडिलांचा पासपोर्ट भारतीय आणि तान्ह्या बाळाचा अमेरिकी होता. आईवडिलांना विमानात जागा होती आणि बाळाला परवानगी नव्हती. २२ मे रोजी भारतीय आईवडिलांच्या ओसीआयधारक अल्पवयीन मुलांना सूट मिळाली, पण तोवर दोन आठवडे लोकांनी काय काढले असतील ते त्यांनाच माहीत. आमच्या फाइलमध्ये आमचे दोघांचे पासपोर्ट निळे आहेत आणि मुलीचाही निळाच आहे. घाईत उचलला तर कोणता कुणाचा ते कळत नाही, पण आदेश निघाला की त्या दोन निळ्यांमध्ये आई आणि मूल वेगळे होते. ऑस्ट्रेलियाने तर २०२१ च्या मे महिन्यात भारतातून परतणाऱ्या आपल्याच नागरिकांना पाच वर्षांपर्यंतच्या तुरुंगवासाची आणि ६६ हजार ६०० ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंतच्या दंडाची ताकीद दिली होती. तो आदेश १५ मे रोजी उठला.

साथीच्या काळातल्या निर्णयांकडे मी काहीशा क्षमाशील नजरेने पाहते, कारण तेव्हा सगळेच घाबरलेले होते. पण घाबरण्याचे कारण नसतानाही हे असेच घडते, आणि ते फार जुने आहे.

चे चान पिंग हा चिनी मजूर १८७५ पासून सॅन फ्रान्सिस्कोत राहत होता. चिनी मजुरांना नव्याने येण्यास बंदी करणारा कायदा १८८२ मध्ये झाला, पण आधीपासून राहणाऱ्यांना मायदेशी जाऊन परत येता यावे म्हणून सरकार त्यांना प्रमाणपत्र देत असे. असे प्रमाणपत्र घेऊन तो १८८७ च्या जूनमध्ये चीनला गेला. १८८८ च्या सप्टेंबरमध्ये तो हाँगकाँगहून परतीच्या बोटीत बसला. बोट समुद्रात असताना, १ ऑक्टोबरला, स्कॉट कायदा मंजूर झाला आणि अशी सगळी प्रमाणपत्रे रद्द झाली. ८ ऑक्टोबरला बोट बंदराला लागली तेव्हा त्याच्या हातातल्या सरकारी कागदाला काहीच किंमत उरली नव्हती. अशी सुमारे २० हजार माणसे होती. त्याने न्यायालयात दाद मागितली आणि १८८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने त्याच्याविरुद्ध निकाल दिला. परदेशी माणसाला प्रवेश द्यायचा की नाही हा सार्वभौम सरकारचा अधिकार आहे आणि एकदा दिलेली परवानगी ते सरकार केव्हाही काढून घेऊ शकते, असे त्या निकालाचे म्हणणे होते. स्कॉट कायदा केव्हाच इतिहासजमा झाला. त्या निकालातले तत्त्व अजून जिवंत आहे. मी हे प्रकरण पहिल्यांदा वाचले तेव्हा निकालापेक्षा त्या सात दिवसांचा विचार माझ्या मनातून जाईना. १ ते ८ ऑक्टोबर. तो डेकवर उभा राहून समुद्र बघत असेल, घरी पोहोचल्यावर काय काय करायचे ते मनात जुळवत असेल, आणि त्याचे घर त्याचे राहिलेले नाही हे त्याला कळवायला तेव्हा कोणतेही साधन नव्हते.

आता साधने आहेत. २०१७ च्या २७ जानेवारीला, शुक्रवारी, इराण, इराक, लिबिया, सोमालिया, सुदान, सीरिया आणि येमेन या सात देशांच्या नागरिकांना ९० दिवसांची प्रवेशबंदी करणारा आदेश निघाला आणि तत्क्षणी लागू झाला, तेव्हा विमानात बसलेल्यांना ती बातमी उतरल्यावर फोन चालू करताच कळली. ग्रीन कार्डधारकांना तो आदेश लागू आहे की नाही हे सरकारलाच पक्के माहीत नव्हते. पहिल्या दोन-तीन दिवसांत त्यांनाही विमानतळांवर अडवले गेले आणि १ फेब्रुवारीला व्हाइट हाउसने त्यांना वगळल्याचे लेखी स्पष्ट केले. सिॲटलचे न्यायाधीश जेम्स रोबार्ट यांनी ३ फेब्रुवारीला तो आदेश देशभर रोखला. पुढे दुसरा आदेश आला, मग सप्टेंबरमध्ये तिसरा, आणि २६ जून २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘ट्रम्प विरुद्ध हवाई’ खटल्यात ५ विरुद्ध ४ मतांनी तो तिसरा आदेश वैध ठरवला. आधार होता १९५२ च्या कायद्यातील २१२(एफ) या कलमाचा, ज्यानुसार ज्यांचा प्रवेश देशहिताला बाधक आहे असे राष्ट्राध्यक्षांना वाटते अशा कोणत्याही वर्गाचा प्रवेश ते, योग्य वाटेल तितका काळ, थांबवू शकतात. १९६५ च्या सुधारणेने कायम स्थलांतराचे व्हिसा देण्यात राष्ट्रीयत्वावरून भेदभाव करायला मनाई केली आहे, पण न्यायालयाचे म्हणणे असे की व्हिसा देणे आणि प्रवेश देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इथेही तीच फट आहे, जिच्यात आम्ही सगळे राहतो.

त्या वेळी माझ्या शेजारच्या टेबलावर एक इराणी सहकारी बसत असे. इराणमध्ये अमेरिकेची वकिलात १९७९ च्या ओलीस प्रकरणानंतर नाही, त्यामुळे तिथल्या अर्जदाराला मुलाखतीसाठी अंकारा, येरेवान किंवा अबू धाबी गाठावे लागते, आणि कागद अडले तर तीच फेरी पुन्हा करावी लागते. तो विद्यार्थी म्हणून आला तेव्हा त्याला एकदाच प्रवेश देणारा व्हिसा मिळाला होता. इराणी विद्यार्थ्यांच्या बाबतीत हे नेहमीचेच होते. पदवी घेऊन नोकरी लागेपर्यंत सहा वर्षे तो घरी गेला नव्हता. २०१७ च्या उन्हाळ्यात त्याचे लग्न ठरले होते आणि आईवडिलांची येरेवानमधली मुलाखत फेब्रुवारीत होती. ती रद्द झाली. लग्न झाले, पहिल्या रांगेतल्या दोन खुर्च्यांवर त्याने आईचा रुमाल आणि वडिलांची टोपी ठेवली होती, आणि त्या दिवशी त्या दोन खुर्च्यांच्या बाजूने कुणीही गेले नाही. सगळे पलीकडून फिरून जात होते.

अपवाद असतात, असे लोक म्हणतात, आणि अपवाद कागदावर असतातही. तिसऱ्या आदेशात म्हटले होते की नकाराने असाधारण हाल होणार असतील, देशाला धोका नसेल आणि प्रवेश देणे देशहिताचे असेल, तर अधिकारी सूट देऊ शकतात. त्यासाठी वेगळा अर्ज नव्हता. सूट मागायची कशी, हे अर्जदाराला कुणी सांगत नव्हते. ‘ट्रम्प विरुद्ध हवाई’मधील आपल्या असहमतीच्या निकालपत्रात न्यायमूर्ती स्टीफन ब्रायर यांनी परराष्ट्र खात्याचाच आकडा दिला आहे: पहिल्या महिन्यात पात्र ठरू शकणाऱ्या ६ हजार ५५५ अर्जदारांपैकी दोघांना सूट मिळाली.

ती बंदी २० जानेवारी २०२१ रोजी नव्या राष्ट्राध्यक्षांनी पहिल्याच दिवशी उठवली. चार वर्षांनी राष्ट्राध्यक्ष बदलले आणि २०२५ च्या ९ जूनपासून बारा देशांवर पूर्ण आणि सात देशांवर अंशतः बंदी आली. अफगाणिस्तान, म्यानमार, हैती, इराण, सोमालिया, सुदान, येमेन यांसारख्या, युद्धाने किंवा यादवीने आधीच होरपळलेल्या देशांची नावे तिच्यात होती. त्या आदेशात निदान अमेरिकी नागरिकाचा पती किंवा पत्नी, अल्पवयीन मुले आणि आईवडील यांना वगळलेले होते. डिसेंबरमध्ये यादी ३० हून अधिक देशांपर्यंत वाढवताना ती सवलतही काढून घेण्यात आली. ज्यांनी सवलतीच्या भरवशावर महिनोन्महिने कागद गोळा केले, जन्मदाखले भाषांतरित करून घेतले, नाते सिद्ध करण्यासाठी डीएनए चाचण्या केल्या, त्यांची प्रकरणे जिथल्या तिथे थांबली.

‘आमच्या लग्नाला काही किंमत आहे की नाही?’ असा प्रश्न अशा वेळी माणसाच्या मनात येतोच. त्याचे कायदेशीर उत्तर २१ जून २०२४ च्या ‘परराष्ट्र खाते विरुद्ध मुन्योझ’ या निकालात आहे. आपल्या परदेशी जोडीदाराला देशात प्रवेश मिळावा असा मूलभूत हक्क अमेरिकी नागरिकाला नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांच्या त्या निकालात म्हटले. वकिलातीतल्या अधिकाऱ्याच्या निर्णयाचा न्यायालये सहसा फेरविचार करत नाहीत हे तत्त्व त्याने आणखी घट्ट झाले. नागरिकाची ही स्थिती, तर एच-१बीवरच्या माणसाने कुठे बोलायचे?

आणि १९ सप्टेंबर २०२५ चा तो शुक्रवार. संध्याकाळी बातमी आली की एच-१बीसाठी एक लाख डॉलरचे शुल्क लागणार आणि शनिवारी मध्यरात्र उलटताच ते लागू होणार. आदेशाला आधार पुन्हा २१२(एफ)चाच. त्यातली भाषा प्रवेशाविषयी होती, त्यामुळे जे सुट्टीवर किंवा कामासाठी बाहेर आहेत त्यांनाही तो लागू आहे असे पहिल्या वाचनात वाटत होते. मोठमोठ्या कंपन्यांनी कर्मचाऱ्यांना ईमेल पाठवले की बाहेर असाल तर चोवीस तासांत परत या, आत असाल तर देश सोडू नका. सॅन फ्रान्सिस्कोच्या विमानतळावर सुटण्याच्या बेतात असलेल्या विमानातून भारतीय प्रवासी उतरले. आमच्या व्हॉट्सॲप गटात एक मैत्रीण बहिणीच्या लग्नासाठी गेलेली होती. हळदीच्या दिवशी तिने अंगावरची हळद न धुता तिकीट शोधायला घेतले, आणि मिळालेले तिकीट नेहमीच्या तिप्पट दराचे होते. शनिवारी दुपारी खुलासा आला की हे शुल्क फक्त नव्या अर्जांना आहे, सध्याच्या व्हिसाधारकांना नाही. तेव्हा ती दोह्याला विमान बदलत होती. लग्न रविवारी होते.

कोणत्या परदेशी माणसाला आपल्या देशात येऊ द्यायचे हे ठरवण्याचा अधिकार त्या देशाचा आहे, हे मला मनापासून मान्य आहे. मी इथे पाहुणी म्हणून आले आहे याचा मला पंधरा वर्षांत कधी विसर पडलेला नाही. माझी तक्रार आदेश काढण्याच्या रीतीविषयी आहे. जो नियम शुक्रवारी संध्याकाळी जाहीर होतो आणि रविवारी पहाटे लागू होतो, जो लागू करणाऱ्यालाही नीट समजलेला नसतो, आणि जो आधीच्या परवानगीवर विसंबून प्रवासाला निघालेल्या माणसाला वाटेतच गाठतो, तो देशाचे रक्षण किती करतो हे मला सांगता येणार नाही. पण तो माणसांना घाबरून राहायला शिकवतो एवढे मी पाहिले आहे. आमच्या ओळखीतल्या तीन घरांनी या वर्षीच्या भारतफेऱ्या रद्द केल्या. त्यांपैकी एकालाही कुणी ‘जाऊ नका’ असे सांगितलेले नाही.

दोन गोष्टी सहज करता येण्यासारख्या आहेत. एक म्हणजे इथल्या इथे स्टॅम्प नवा करून देण्याची सोय कायमची सुरू करणे. ती २००४ पर्यंत होती, २०२४ मध्ये तिचा प्रयोग झाला, आणि बोटांचे ठसे तर आता सरकारकडे आधीपासून असतात. दुसरी म्हणजे कोणताही नवा निर्बंध काढताना, ज्यांच्या मुलाखतीची तारीख आधीच दिलेली आहे आणि जे त्या तारखेसाठी देशाबाहेर पडले आहेत, त्यांना जुन्याच नियमाने परत येऊ देणे. इथले नागरिक असलेले आमचे मराठी लोक आता थोडे नाहीत. आपापल्या अमेरिकी संसदेतल्या (काँग्रेसमधल्या) प्रतिनिधीच्या कार्यालयाला याविषयी पत्र लिहिणे त्यांच्या हातात आहे, आणि अडकलेल्या अर्जाची चौकशी करून घेण्यासाठी तेच कार्यालय उपयोगी पडते. मला मत नाही, तरी मी माझ्या भागातल्या कार्यालयाला दिरांच्या प्रकरणाविषयी लिहिले. तिथल्या कर्मचाऱ्याने दोन वेळा फोन करून माहिती घेतली. तारीख हलली नाही, पण कुणीतरी ऐकून घेतले.

दिरांची मुलाखत आता २४ मार्चला आहे. तपासणीसाठी त्यांनी आपली सगळी खाती सार्वजनिक करून ठेवली आहेत, आणि पुतणीचे वाढदिवसाचे फोटो आधी त्यांतून काढून टाकले. कंपनीने एप्रिलपर्यंत बिनपगारी रजा दिली आहे. पुतणी रोज सकाळी आठ वाजता, शाळेची बस येण्याआधी, बाबांशी फोनवर बोलते. तेव्हा तिकडे संध्याकाळचे साडेसहा वाजून गेलेले असतात आणि बाबांच्या मागच्या खिडकीत अंधार असतो, म्हणून ती त्यांना रोज ‘गुड नाइट’ म्हणून शाळेला जाते. ८ मार्चला इथली घड्याळे एक तास पुढे जातील. त्यानंतर तिची सकाळची आठची वेळ म्हणजे तिकडचे साडेपाच, आणि बाबांच्या मागच्या खिडकीत उजेड असेल, हे जाऊबाईंनी तिला आतापासून समजावून ठेवले आहे.